शर्यत थांबली तरी तोबरा थांबत नाही

जामबागेतून मलकपेटचं रेसकोर्स लांब नाही. उस्मानिया मेडिकल कॉलेजच्या स्टेशनावर मेट्रो धरली, की दुसरं स्टेशन मलकपेट. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या काळात, १८८६ साली, शर्यतींचं मैदान मौला अलीहून इथं आलं. आजही पावसाळ्यात आणि हिवाळ्यात इथं शर्यतींचे हंगाम होतात. २ ऑक्टोबरच्या सुमाराला होणारी डेक्कन डर्बी हा पावसाळी हंगामातला मोठा दिवस. आपल्यापैकी बहुतेकांनी हे सगळं भिंतीच्या बाहेरूनच पाहिलेलं असतं. त्यामुळे शर्यती रद्द झाल्याची बातमी आली तरी आपण पान उलटून पुढे जातो. श्रीमंतांचा शौक, बंद झाला तर झाला!

पण भिंतीच्या आत नेमकं काय होतं, ते जरा बघू या.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि देशभरच्या शर्यती थांबल्या. जामबागेतली फुलांची दुकानंही त्याच वेळी बंद झाली. दोन्ही धंदे सणावारावर आणि गर्दीवर चालणारे. पण दोघांच्या बंद होण्यात मोठा फरक आहे. फुलवाल्याकडे उरलेला माल कुजला. तोटा झाला, वाईट झालं, पण दुसऱ्या दिवशी त्याने नवा माल आणला नाही, म्हणजे मालाचा खर्चही थांबला. तबेलेवाल्याचा माल मात्र चार पायांवर दाराशी उभा असतो आणि पहाटे खिंकाळतो. शर्यत असो नसो, त्याला भूक लागते. मराठीत आपण विचारतो, 'घोडं पेंड कुठं खातं?' म्हणजे नेमकी अडचण कुठे आहे? इथं उत्तर शब्दशः खरं आहे. घोडं पेंड खातं, हीच अडचण आहे.

खर्चाचं गणित

चांगला वाढलेला शर्यतीचा घोडा साधारण साडेचारशे ते पाचशे किलो वजनाचा असतो. त्याला रोज वजनाच्या दोन ते अडीच टक्के सुका चारा-दाणा लागतो, म्हणजे दहा-बारा किलो. शिवाय पंचवीस ते चाळीस लिटर पाणी, उन्हाळ्यात त्याहून जास्त. दर चार ते सहा आठवड्यांनी नालबंद बोलवावा लागतो. जंताचं औषध, लसी, दातांची तपासणी वेगळीच. आणि रोज खरारा करणारा, लीद काढणारा, फिरवणारा माणूस हवा. त्याला कुणी सईस म्हणतं, कुणी मोतद्दार.

समजण्यासाठी एक काल्पनिक तबेला घेऊ. दहा घोड्यांची घोडेस्वारी शिकवणारी शाळा, जिथली मुलं स्पर्धांमध्येही भाग घेतात. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. महिन्याचा खर्च असा: चारा-दाणा ७०,००० रुपये, पगार ५०,०००, नाल-औषध-डॉक्टर २०,०००, भाडं-वीज-पाणी १०,०००. एकूण दीड लाख. शिकवणी, दुसऱ्यांचे घोडे सांभाळण्याची फी आणि स्पर्धांच्या तयारीची फी मिळून आवक एक लाख ऐंशी हजार. म्हणजे महिन्याला तीस हजार शिल्लक. धंदा बरा चाललाय म्हणायचा.

आता सगळं बंद झालं. खर्च किती कमी होईल? विश्रांतीवर असलेल्या घोड्याचा दाणा कमी करता येतो. खरं तर करावाच लागतो, कारण कामाशिवाय तेवढाच दाणा घातला तर त्याच्या स्नायूंना आणि पोटाला त्रास होतो. त्यातून दहा हजार वाचले असं धरू. नाल काढून घोडे अनवाणी ठेवले, डॉक्टरच्या फेऱ्या कमी केल्या, आणखी पाच हजार वाचले. राहिले एक लाख पस्तीस हजार. म्हणजे आवक शंभर टक्के गेली आणि खर्च फक्त दहा टक्के कमी झाला. सगळी गोम इथंच आहे.

पुढचा हिशोब आणखी बोलका आहे. तीन महिने पूर्ण बंद राहिलं तर चार लाख पाच हजार रुपये लागतील. महिन्याला तीस हजार शिल्लक टाकणाऱ्याला ही रक्कम जमवायला साडेतेरा महिने लागतात. तीन महिन्यांची बंदी निभवायला वर्षाहून जास्त चांगले दिवस जावे लागतात, आणि त्या दिवसांत एक पैसाही दुसरीकडे खर्च होता कामा नये. मुलांच्या फिया, लग्नकार्य, दवाखाना हे सगळं असलेल्या घरात असं कुणाला जमतं?

पण याच हिशोबाची दुसरी बाजूही बघा. सगळी आवक न जाता निम्मी टिकली, म्हणजे नव्वद हजार येत राहिले, तर तूट उरते पंचेचाळीस हजारांची. तेच चार लाख पाच हजार आता तीनऐवजी नऊ महिने पुरतात. म्हणून खर्च किती कापला यापेक्षा आवकेचा कोणता भाग स्पर्धेविना चालू राहतो, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. ज्यांनी याचं उत्तर आधीच शोधून ठेवलेलं असतं, ते तगतात.

आवक टिकवायची कशी?

पहिली वाट शिकवणीची. स्पर्धा रद्द झाली म्हणून मुलाने घोड्यावर बसायचं थांबवावं असं नाही. ज्या शाळा मुलांना केवळ स्पर्धेसाठी तयार करतात, त्यांची मुलं स्पर्धेबरोबर जातात. ज्या शाळा स्वारी शिकवतात, त्यांची निम्मी तरी मुलं राहतात. लहान गटातल्या शिकवण्या, तबेल्याची देखभाल शिकवणारे वर्ग, शाळांच्या सहली, यातून थोडंथोडं येत राहतं.

दुसरी वाट आधी घेतलेल्या पैशांची. स्पर्धेची प्रवेश फी आधी जमा झालेली असते. ती सगळी एकदम परत करायची म्हटलं तर आयोजक बुडतो, न करावी तर लोकांचा विश्वास जातो. मधला मार्ग म्हणजे ती फी पुढच्या स्पर्धेसाठी जमा धरणं आणि ज्याला खरंच गरज आहे त्याला परत करणं. पण हे नियम अर्जावर आधीच छापलेले असावे लागतात. अडचण आल्यावर केलेला नियम भांडणाचं कारण होतो.

तिसरी वाट विम्याची. घोड्याच्या मृत्यूचा विमा असतो, तसा कार्यक्रम रद्द होण्याचाही असतो. पण बारीक अक्षरं वाचली तर साथीचा रोग पुष्कळदा त्यातून वगळलेला आढळतो. २०२० मध्ये विम्बल्डनची टेनिस स्पर्धा रद्द झाली, तेव्हा आयोजकांकडे साथीचाही विमा होता आणि तो कामी आला. त्यांनी तो वर्षानुवर्षं हप्ते भरून चालू ठेवला होता. आपल्याकडच्या छोट्या आयोजकाला असा हप्ता झेपणं कठीण. दहा-वीस आयोजकांनी मिळून काही केलं तरच जमायचं.

चौथी वाट घोडा विकण्याची. ही सगळ्यांना सुचते आणि हीच सगळ्यात फसवी. कारण शर्यती बंद झाल्यावर सगळेच एकदम विकायला निघतात. विकणारे शंभर आणि घेणारे चार, मग भाव कुठे टिकणार?

स्पर्धा म्हणजे नुसतं बक्षीस नव्हे

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. स्पर्धेतून मिळणारं बक्षीस हा तिच्या किमतीचा लहानसा भाग असतो. जनावराची किंमत ठरते ती स्पर्धेत.

नंदुरबार जिल्ह्यातलं सारंगखेडा घ्या. तापीच्या काठी, दत्तजयंतीला तिथं यात्रा भरते आणि घोड्यांचा मोठा बाजार लागतो. लांबलांबच्या राज्यांतून घोडे येतात. पळण्याच्या, नाचण्याच्या, देखणेपणाच्या स्पर्धा होतात. तिथं जिंकलेल्या घोड्याची किंमत वाढते, त्याच्या बछड्यांनाही मागणी येते. २०२० च्या डिसेंबरात कोरोनामुळे ही यात्रा रद्द झाली. म्हणजे एका बाजूला विक्री गेली, आणि दुसऱ्या बाजूला वर्षभर मेहनत घेऊन तयार केलेला घोडा लोकांना दाखवण्याची एकुलती एक संधी गेली. चारा घालून वाढवलेली किंमत कुणाच्या डोळ्यांत भरलीच नाही.

बैलगाडा शर्यतींचं उदाहरण आपल्या गावाकडच्या लोकांना अजून जवळचं. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती बंद झाल्या आणि १६ डिसेंबर २०२१ च्या आदेशाने पुन्हा सुरू झाल्या. मधली साडेसात वर्षं! पुणे जिल्ह्यातल्या घाटांवर गाड्यापुढे घोडी पळते, त्यामुळे खिलार बैल पाळणाऱ्यांबरोबर घोडी पाळणाऱ्यांचाही हा प्रश्न होता. जनावरांना होणारा त्रास हा खराच मुद्दा आहे आणि न्यायालयाने तो गांभीर्याने घेतला हे बरंच झालं. इथं सांगायचं ते एवढंच, की शर्यतीचा बैल शर्यतीविना नांगरालाही फारसा उपयोगी नसतो. मैदान गेलं की त्याची किंमत एका रात्रीत उतरते, खुराक मात्र तोच राहतो.

शिवाय घोड्याचं वय कुणासाठी थांबत नाही. मुंबईला महालक्ष्मीच्या मैदानावर १९४३ पासून इंडियन डर्बी धावली जाते. ती चार वर्षांच्या घोड्यांसाठी असते. ज्या घोड्याचं ते वर्ष हुकलं, त्याला डर्बी पुन्हा मिळत नाही. क्रिकेटपटूचा एक हंगाम गेला तर तो पुढच्या वर्षी खेळतो. शर्यतीच्या घोड्याची धावण्याची उमेदच मुळात चार-पाच वर्षांची. त्यातलं एक गेलं, म्हणजे मालकाने लावलेल्या पैशाचा मोठा तुकडा गेला.

फटका वरून खाली येतो

शर्यतीच्या धंद्यात पैसा एका साखळीतून येतो. लोक पैजा लावतात. त्यातून क्लबाला कमिशन मिळतं. तिकिटं, प्रायोजक यांचीही भर पडते. त्यातून क्लब बक्षिसांची रक्कम काढतो. ती मालकाला मिळते आणि तिच्यातला हिस्सा ट्रेनर आणि जॉकीला. मालक दर महिन्याला ट्रेनरला प्रत्येक घोड्यामागे ठरावीक रक्कम देतो, आणि ट्रेनर त्यातून चारा आणतो, सईसांचे पगार करतो.

आता शर्यत थांबली. कागदोपत्री पहिला फटका मालकाला. बक्षीस नाही, महिन्याची रक्कम मात्र चालू. श्रीमंत मालक काही महिने देतो. मग तो पैसे उशिरा देऊ लागतो. मग एखादा म्हणतो, 'माझा घोडा घेऊन टाका.' ट्रेनरच्या हातात घोडा राहतो, रक्कम जाते. ट्रेनर आधी उधारीवर चारा आणतो. नंतर माणसं कमी करतो. एक सईस जेवढे घोडे बघायचा त्याच्या दुप्पट बघू लागतो, आणि दुसरा गावी जातो. जॉकीला तर बहुतेक कमाई धावेल त्या दिवशीच मिळते. शर्यत नाही तर तोही घरी.

साखळीच्या वरच्या टोकाला जो फटका शौक कमी होण्याचा असतो, तोच खालच्या टोकाला चूल विझण्याचा होतो. म्हणून शर्यत रद्द होणं ही फक्त श्रीमंतांची बातमी नाही.

माथेरानला तर साखळीसुद्धा नाही. मोटारींना बंदी असलेल्या त्या डोंगरावर पर्यटकांना घोड्यावरून फिरवणारे घोडेवाले मालकही स्वतःच आणि मोतद्दारही स्वतःच. टाळेबंदीत पर्यटक थांबले आणि घोड्याचा दाणा आणि घरातलं पीठ एकाच पिशवीतून येऊ लागलं. प्राणिमित्र संस्थांनी आणि देणगीदारांनी तिथं चारा पोचवला, म्हणून निभावलं. आपल्या हैदराबादेत वरातीला घोडी देणाऱ्यांचीही हीच गत. २०२० चा लग्नसराईचा हंगाम बिनवरातीचा गेला. 'वरातीमागून घोडं' ही म्हण आपण उशिरा आलेल्या मदतीला वापरतो. त्या वर्षी वरातच नव्हती, आणि मदतही बऱ्याच ठिकाणी उशिराच आली.

दुसऱ्यांनी काय केलं?

२००७ च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियात घोड्यांचा इन्फ्लुएन्झा शिरला. घोडे एका जागेवरून दुसरीकडे हलवायला बंदी आली, न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडमधल्या शर्यती ठप्प झाल्या. काही महिन्यांत त्यांनी रोग पूर्ण घालवला. पण त्या काळात केंद्र सरकारने घोड्यांच्या धंद्यावर पोट असलेल्यांना थेट अर्थसाह्य दिलं. विचार सरळ होता. ही माणसं सगळ्या देशाच्या भल्यासाठी घरी बसली आहेत, तेव्हा त्याचा भार देशाने उचलावा.

ब्रिटनमध्ये वाट वेगळी. तिथं १९६१ पासून बुकींच्या कमाईतला ठरावीक हिस्सा कायद्याने एका मंडळाकडे जातो आणि तो शर्यतींच्या भल्यासाठी वापरला जातो. २०२० च्या मार्चमध्ये शर्यती थांबल्या आणि १ जूनला सुरू झाल्या, त्याही प्रेक्षकांविना. त्या पडत्या काळात मंडळाने साठवलेल्या निधीला हात घातला.

आपल्या कॉलेजात योसेफाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. फारोच्या स्वप्नातल्या सात लठ्ठ गाई आणि सात रोडक्या गाई. योसेफाने स्वप्नाचा अर्थ सांगितला, आणि तिथंच न थांबता सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात घालायची योजनाही मांडली. निधी म्हणजे दुसरं काय? पण त्या गोष्टीतली एक बारीक गोष्ट आपण विसरतो. कोठार राज्याचं होतं, एकेका शेतकऱ्याचं नव्हतं. एकट्याला साडेतेरा महिने शिल्लक टाकणं अशक्य असतं. हजारांनी मिळून दर व्यवहारातून थोडं बाजूला काढणं शक्य असतं.

आपल्याकडे पैजेच्या व्यवहारातून सरकारकडे पैसा जातो, पण तो कर म्हणून. जीएसटी आला तेव्हा घोड्यांच्या शर्यतींवर २८ टक्के दर लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला आहे. आणि तो क्लबाच्या कमिशनवर नसून लावलेल्या पूर्ण रकमेवर आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला खरा, पण पैज लावणं चांगलं की वाईट यावर मतं वेगळी असणारच. आपल्यातल्या पुष्कळांना ते पटत नाही, आणि सरकारला ते कमी व्हावं असं वाटत असेल तर त्यातही गैर नाही. फक्त एक विसरू नये. घोडा पैज लावत नाही. सईसही बहुधा लावत नाही. पैज कमी करायची असेल तर तिच्यावर जगणाऱ्या जनावरांचं आणि माणसांचं पुढे काय, याची तजवीजही त्याच वेळी व्हायला हवी. मुंबईतल्या व्हिक्टोरिया गाड्या २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, तेव्हा बंद करायला मुदत दिली आणि चालवणाऱ्यांच्या पुनर्वसनाचाही प्रश्न पुढे आणला. धंदा बंद करण्यातसुद्धा रीत असते.

५७ घोडे

अशी तजवीज नसली तर काय होतं, ते आपल्याच शहराने नुकतंच पाहिलंय. २०२५ च्या एप्रिल-मे महिन्यांत, ऐन उन्हाळ्यात, हैदराबादहून ५७ घोडे मध्य प्रदेशात जबलपूरजवळ हलवले गेले. त्यातले अनेक पुढच्या काळात दगावले आणि प्रकरण तिथल्या उच्च न्यायालयात गेलं. दोष कुणाचा, हे ठरवणं आपलं काम नाही. पण बातमी वाचताना एक प्रश्न मनात येतोच. जो घोडा पळत होता तेव्हा त्याच्याभोवती मालक, ट्रेनर, जॉकी, बुकी, प्रेक्षक एवढी माणसं होती. तो पळायचा थांबल्यावर त्याच्या तोबऱ्यात दाणा घालण्याची जबाबदारी नेमकी कुणाची? कुठल्या कागदावर ती लिहिलेली असते?

घोड्याचा कुठलाही धंदा करणाऱ्याने खरं तर पहिल्या दिवशी याचंच उत्तर लिहून ठेवायला हवं. शर्यतीत उतरणाऱ्या प्रत्येक घोड्यामागे, जिंको वा हरो, थोडी रक्कम वेगळी काढावी. ती फक्त दोन कामांसाठी: शर्यती बंद पडल्या तर चारा आणि सईसांचा पगार, आणि घोडा निवृत्त झाला तर त्याचा पुढचा सांभाळ. स्वारी शिकवणाऱ्या शाळांनी फीतला एक छोटा भाग असाच ठेवावा आणि पालकांना तो उघड सांगावा. पालक नाही म्हणणार नाहीत. ज्या घोड्यावर आपलं लेकरू बसतं, तो उपाशी राहावा असं कुणाला वाटेल?

पुढच्या वेळी मेट्रोने मलकपेटला उतरलात आणि शर्यतींचे दिवस असले, तर मैदानाच्या भिंतीकडे एकदा बघा. शर्यत तिथं दोन-अडीच मिनिटांत संपते. बाकीचे तेवीस तास आणि कितीतरी मिनिटं कुणीतरी चारा घालत असतं, पाणी ओढत असतं, खरारा करत असतं. धंद्याचा खरा हिशोब त्या तासांत असतो, आणि शर्यत रद्द झाली तरी ते तास रद्द होत नाहीत.